कपाटाची पाठ

जळगावात एप्रिल लागला की कुलर हा घरातला एक माणूसच होतो. त्याला दिवसातून दोनदा पाणी पाजायचं, त्याचं गवत बदलायचं, रात्री त्याच्या तोंडासमोर कोणी झोपायचं यावरून भांडायचं. आमचा कुलर झोपायच्या खोलीच्या खिडकीला, आणि बरोबर त्याच्यासमोर तीन दारांचं कपाट. २०१९ साली फ्लॅटमध्ये राहायला आलो तेव्हा एका मोठ्या शोरूममधून घेतलेलं. अक्रोडी रंग, मधल्या दाराला आरसा, लोटलं की हळूच मिटणारी दारं. २८ हजार मोजले. दुकानातला मुलगा म्हणाला होता, "मॅडम, इंजिनिअर्ड वूड आहे, वॉटर रेझिस्टंट." इंजिनिअर हा शब्द कानावर पडला की आपल्याकडची माणसं पुढे काही विचारत नाहीत. आम्हीही नाही विचारलं.

तिसऱ्या उन्हाळ्यात तळाची फळी फुगली. चहात बुडवलेल्या टोस्टसारखी. मग एका दाराची बिजागरी सुटली. स्क्रू पुन्हा बसवायला गेलो तर भोकातून नुसता भुसा गळायला लागला. नवऱ्याने आगपेटीच्या काड्या आणि फेव्हिकॉल भरून जुगाड केला. आठ दिवसांनी दार काड्यांसकट माझ्या हातात आलं. त्यानंतर जवळजवळ वर्षभर ते दार आम्ही भिंतीला टेकवून ठेवलं होतं. पाहुणे आले की ओढणी लावून झाकायचो.

पुढच्या फेब्रुवारीत नाना आमच्याकडे मुक्कामाला आले. नाना म्हणजे माझ्या माहेरच्या गावचे सुतार. गाव चोपडा तालुक्यात. माझ्या वडिलांचा वखर, पांभर, गाडीची चाकं, घराची दारं, सगळं नानांच्या हातचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी जळगावला आले होते आणि दवाखान्यातून थेट आमच्याकडे. एका डोळ्यावर पट्टी, वर काळा चष्मा. दुसऱ्या डोळ्यानेही त्यांना तेव्हा फारसं दिसत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर नाना कपाटासमोर खाली बसलेले. तळाच्या फळीच्या कडेवरून अंगठा फिरवत होते.

"कितलाले लिन्हं?"

केवढ्याला घेतलं, असं ते अहिराणीत विचारत होते. मी आकडा सांगितला. नानांनी बोटं नाकाशी नेली, हुंगली. मग म्हणाले, "माय, हाई लाकूड नई शे, भुसा शे." आणि लगेच, "आते कपाटनी पाठ दखाड माले."

कपाट पुढे ओढलं. इतक्या वर्षांत मी त्याची पाठ पहिल्यांदा पाहिली. पुठ्ठ्यापेक्षा थोडी जाड अशी एक फळी, बारीक पिनांनी ठोकलेली, आणि मधोमध पोट सुटलेली. नानांनी कपाटाच्या वरच्या कोपऱ्याला तळहात लावून तिरकं ढकललं. अख्खं कपाट डुललं. ते म्हणाले, चौकट तिरकी होऊ न देणं हे पाठीचंच काम असतं. पाठ पातळ, ती पण नुसती पिनांवर, म्हणजे सगळा भार बिजागऱ्यांवर. बिजागऱ्या भुशात. दार पडणार नाही तर काय होईल?

मला राग आला तो दुकानदारापेक्षा स्वतःचा. भाजीबाजारात बामणोदचं वांगं म्हणून दुसरंच काही गळ्यात मारतोय का, हे मी देठ बघून सांगते. आणि २८ हजारांच्या वस्तूची पाठसुद्धा बघितली नव्हती.

डॉक्टरांनी नानांना महिना-दोन महिने धुळीत जायचं नाही म्हणून सांगितलं होतं. म्हणजे करवत, रंधा बंद. स्वतः कपाट करून देणं शक्य नव्हतं. पण दुकानात यायला काय हरकत? तर पुढचे आठ-दहा दिवस संध्याकाळी शाळेतून आले की मी, नाना आणि माझी स्कूटी. जळगावातली झाडून सगळी फर्निचरची दुकानं पालथी घातली. काळा चष्मा, धोतर, हातात काठी असा म्हातारा बघून सेल्समनना वाटायचं, आजोबांना दिसत नाही, म्हणून ते सगळं मलाच दाखवायचे. तोवर आजोबा टेबलाखाली शिरलेले असायचे.

नानांची बघायची पद्धत सगळी उलटी होती. पुढचा भाग ते बघायचेच नाहीत. ड्रॉवर दिसला की पूर्ण बाहेर काढायचा आणि पालथा करायचा. तळाची फळी चारही बाजूंनी खाचेत बसलीय की खालून नुसती पिना मारलीय? पुढची फळी आणि बाजूची फळी कोपऱ्यात कशी भेटलीय? एकमेकींत दात घालून, की नुसती टेकवून स्टेपल मारलेली? ड्रॉवर ओढताना सगळा ताण त्या कोपऱ्यावर येतो. स्टेपल तिथे दोन वर्षं धरतं, दात असलेला सांधा आपल्या नातवापर्यंत जातो. मग मोकळ्या जागेत हात घालून आतली बाजू चाचपायची. बाहेर काचेसारखं गुळगुळीत आणि आत खरखरीत असलं तर पॉलिश एकाच बाजूला आहे. ते नुसतं दिसायला वाईट नसतं. लाकडाच्या एका तोंडाला पॉलिश आणि दुसरं उघडं असलं की उघडी बाजू पावसाळ्यात जास्त ओल घेते आणि फळी वाकते.

एका दुकानात 'अस्सल सागवान' अशी पाटी लावलेलं सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल होतं. मला फार आवडलं. खरं तर मी मनातल्या मनात ते घरी मांडूनही टाकलं होतं. नानांनी मला टेबलाच्या फळीचं टोक बघायला सांगितलं. वरच्या रेघा कडेवरून खाली उतरतात का? अख्ख्या लाकडात वरची रेघ टोकाला जाऊन वाकते, तिथे झाडाची वलयं दिसतात. या टेबलाच्या वरच्या रेघा कडेला येऊन कापल्यासारख्या थांबत होत्या आणि कडेला वेगळीच पट्टी होती. म्हणजे वर सागाचा पातळ पापुद्रा, आत दुसरंच काही. खुर्च्यांचे पाय मात्र अख्ख्या सागाचे होते, हे नानांनी कबूल केलं. फक्त पायाच्या आतल्या बाजूने त्यांनी नख ओढलं आणि मला मोबाइलचा उजेड टाकायला लावला. गडद पॉलिशच्या खाली लांब फिकट पट्टा. झाडाच्या सालीलगतचा पांढरा भाग.

हे मला तोवर माहीत नव्हतं की साग म्हणजे सगळा साग सारखा नसतो. सागाला उधई लागत नाही ही ख्याती त्याच्या गाभ्याची आहे. गाभ्यात तेल असतं, उधईला न मानवणारी द्रव्यं असतात. बाहेरच्या पांढऱ्या भागात ती नसतात. तो भाग उधई आणि भुंगा दोघेही आवडीने खातात. गडद रंग चढवला की गाभा आणि पांढरं एकच दिसतं. म्हणून पॉलिश जितकं काळपट, तितका नानांचा संशय जास्त. दुकानदार म्हणाला, "काका, चंद्रपूरकडचा, बल्लारशाचा माल आहे." नाना म्हणाले, "बल्लारशाच्या झाडालाही साल असतेच की."

टेबल राहिलं. अजून कधीकधी आठवतं.

सोफ्याच्या बाबतीत नानांनी हात वर केले. "गादीनं माले समजस नई." पण एक गोष्ट त्यांनी तिथेही दाखवली. तीन माणसांच्या सोफ्याचा पुढचा एक पाय मला वीतभर उचलायला लावला. पहिल्या दुकानात दुसरा पुढचा पाय जमिनीवर तसाच राहिला आणि सोफा करकरला. आतली चौकट पिळवटत होती. दुसऱ्या दुकानात मी एक बाजू उचलताच दुसराही पाय लगेच वर आला. तिथे किंमत चार हजारांनी जास्त होती, आणि त्या चार हजारांचं कारण मला हाताला कळलं. फोमचं मी मागाहून एका गादीवाल्याकडून शिकून घेतलं: बसायच्या जागेला ३२ ते ४० डेन्सिटी, म्हणजे घनमीटरला तेवढे किलो, आणि कव्हरला चेन असेल तर उघडून आत खरंच एकसंध फोम आहे की तुकडे भरलेत ते बघायचं. मऊपणावरून काहीच ठरत नाही, दुकानात सगळेच सोफे मऊ असतात.

आठ दिवसांनी मी आपला निष्कर्ष काढला होता: भुशाचा बोर्ड वाईट, प्लाय बरा, साग उत्तम. नानांनी तोही टिकू दिला नाही. म्हणाले, सागाचं कपाट करायचं तर किती रुंद दार लागेल? दोन फूट. दोन फूट रुंदीची सलग सागाची फळी आपल्या हवेत ठेवून बघ. मे महिन्यात हवा कोरडी, लाकूड आकसतं. श्रावणात तेच फुगतं. आणि आकसणं-फुगणं सगळं रुंदीत, लांबीत जवळजवळ नाहीच. "लाकूड पानी पेस नि पानी सोडस," एवढंच ते म्हणायचे. तरुणपणी त्यांनी एका पाटलांच्या घरी देवघराचं दार केलं होतं. रुंद फळी चारही बाजूंनी चौकटीत सरस लावून पक्की केली, वरून खिळे. त्या वैशाखात मध्यरात्री बार उडाल्यासारखा आवाज झाला. पाटलांना वाटलं चोर आले. फळी वरपासून खालपर्यंत तडकली होती. तेव्हापासून दाराची मधली फळी ते चौकटीच्या खाचेत मोकळी सोडतात, सरसाचा थेंब नाही. हाताने हलवली तर जरा हलते. गिऱ्हाइकाला वाटतं, काम सैल आहे. दुकानात जुन्या पद्धतीचं दार दिसलं की मी आता ती फळी बोटाने दाबून बघते. हलली तर मनात म्हणते, हा कारागीर खरा.

मग ठरलं असं: कपाट प्लायचं, पलंग सागाचा. कपाटाच्या सपाट रुंद फळ्यांना प्लाय बरा, कारण त्याचे थर आडवे-उभे एकमेकांवर चिकटवलेले असतात, एक थर हलू बघतो तर दुसरा त्याला धरतो.

प्लायचा विषय निघाला की दुकानदार आकडे फेकतात. आयएस ३०३, आयएस ७१०, एमआर, बीडब्ल्यूआर. थोडक्यात, आयएस म्हणजे भारतीय मानकाचा क्रमांक, बाकीची प्लायच्या दर्जांची नावं. एमआर साधा, घरातल्या कोरड्या जागेसाठी. बीडब्ल्यूआर उकळतं पाणी सोसणारा. ७१० मरीन, त्याचा डिंक ७२ तास उकळूनही सुटू नये अशी अट. शिक्का प्रत्येक शीटवर असतो, पण शिक्का मारायला काय लागतं? मी दोन दुकानांतून बीडब्ल्यूआरचे वीतभर तुकडे मागून आणले. एकाने हसत दिला, एकाने कुरकुरत. रविवारी गच्चीवर चुलीवर जुन्या पातेल्यात दोन्ही टाकले आणि सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत उकळले. सासूबाईंनी शेजारणीला सांगितलं, सूनबाई लाकडाचं वरण करतेय. दुपारी दोनलाच एका तुकड्याचे पदर खापरावरच्या पुरणपोळीसारखे सुटायला लागले. दुसरा संध्याकाळी नुसता काळवंडला होता. कोपऱ्यात पटाशी घालून उचकटला तर लाकूड फाटलं, सांधा नाही सुटला. कुरकुरत दिलेला तुकडा तो हाच. १९ मिलिमीटरची, मिस्त्रींच्या भाषेत सहा सुताची शीट तिथूनच घेतली. निवडताना प्रत्येक शीटची कड उजेडात धरून बघितली: थरांमध्ये काळी फट दिसते का, मधले थर एकमेकांवर चढलेत का. तीन शीट परत केल्या. दुकानदार नंतर नानांना नमस्कार करायला लागला आणि मला टाळायला.

पलंगाचं लाकूड आमच्या घरीच निघालं. माहेरचं जुनं धाब्याचं घर त्याच वर्षी उतरवलं. मातीचं माळवद, खाली सागाचे खांब आणि सरे, म्हणजे छताची आडवी लाकडं. वडील ते वखारीला घनफुटावर विकायला निघाले होते. एक सरा बघितला तर बाहेरचा दोन बोटं भाग उधईने पोखरून चाळणी झालेला, आणि आत बोटभरही न खाल्लेला तपकिरी गाभा. दुकानातल्या खुर्चीच्या पायात नानांनी नखाने दाखवलेला तो पांढरा पट्टा मला इथे शंभरपट मोठा करून बघायला मिळाला. नानांच्या पुतण्याने आधी सगळ्या सऱ्यांवरून लोहचुंबक फिरवलं, कारण जुन्या लाकडात तुटलेले खिळे लपलेले असतात आणि आऱ्याचं पातं तेवढ्याने जातं. दोन मुठी खिळे निघाले. नव्या सागाचीही चौकशी केली होती. एकाने फोनवर 'सातपुड्याचा माल, रात्री आणून टाकतो, बिल मागू नका' म्हटल्यावर मी फोन ठेवला.

पुतण्याने पलंगाच्या आडव्या पट्ट्यांना कूस, म्हणजे भोकात बसणारी जीभ, काढली, पायांत भोकं पाडली, आणि आत बसवून आरपार लाकडी खुंटी मारली. खिळा नाही. जोडायच्या आधी त्याने मला बोलावून कूस भोकात नुसती हाताने घालून दाखवली. हाताने सहज गेली तर सैल, घणाने गेली तर भोक फाटणार. लाकडी हातोडीच्या तीन-चार टोल्यांत बसली पाहिजे. मी टोले मोजले. चार.

कपाट जळगावातल्याच मिस्त्रीने घरी येऊन केलं. त्याच्याशी माझे दोनदा वाद झाले. पहिला तळाच्या कडांवरून: तो म्हणाला, खालून कोण बघतंय, पट्टी कशाला? मी जुन्या कपाटाची फुगलेली फळी गॅलरीत ठेवलेली होती, ती आणून दाखवली. पाणी कडेतूनच शिरतं, वरच्या सनमायकातून नाही. त्याने मुकाट्याने सगळ्या कडा बंद केल्या, खालच्यासुद्धा, आणि कपाट चार इंच उंच बैठकीवर घेतलं. म्हणजे पोछ्याचं पाणी तळाला पोचत नाही. दुसरा वाद चॅनलवरून, म्हणजे ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या पट्ट्यांवरून झाला आणि त्यात मी हरायला हवं होतं. तो चांगल्या कंपनीचे, जड भाराचे चॅनल घ्या म्हणत होता. तोवर पैसे संपत आले होते. मी स्वस्तातले आणले. वर्षभरात चादरींचा ड्रॉवर एका बाजूला झुकला. इतकं सगळं शिकून! तो ड्रॉवर अजून तसाच आहे. उघडताना डाव्या हाताने थोडा उचलावा लागतो.

पलंग आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी ट्रॅक्टरमधून आला. पलंगाखाली दोन मोठे सागाचे ड्रॉवर, तेही चॅनल नसलेले, लाकडावर लाकूड सरकणारे. उन्हाळाभर ते एका बोटाने उघडायचे. त्यांतल्या एकात मी कानबाईचं, आमच्या खानदेशातल्या देवीचं, सामान ठेवलं: लुगडं, बांगड्या, नथीचा डबा.

नागपंचमीनंतरचा रविवार कानबाईचा. शनिवारी रात्री ड्रॉवर उघडायला गेले तर हलेना. मी ओढला, नवऱ्याने ओढला, दोघांनी पाय लावून ओढला. चार बोटं उघडला आणि रुतला. दळण झालेलं, रोटांची तयारी झालेली, आणि देवीचं लुगडं आत कोंडलेलं. रात्री दहा वाजता मी पुतण्याला फोन करून म्हटलं, सकाळी रंधा घेऊन ये. पलीकडून नानांनी फोन ओढून घेतला.

"रंधा मारू नको. मेणबत्ती घस नि दिवाईलोंग थांब."

"दिवाळीपर्यंत? नाना, कानबाई उद्या आहे!"

आता रंधला तर उन्हाळ्यात त्यात मांजर शिरेल एवढी फट पडेल, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. शेवटी मुलाने आपला बारीक हात चार बोटांच्या फटीतून घातला आणि लुगडं चिमटीने ओढत ओढत बाहेर काढलं. बांगड्याही निघाल्या. नथीचा डबा मागच्या कोपऱ्यात होता, तिथवर हात पोचला नाही. शेजारच्या काकूंची नथ आणली, नारळाला बसवली. सासूबाई दोन दिवस माझ्याशी पलंग सोडून इतर सगळ्या विषयांवर बोलल्या.

वसुबारसेच्या संध्याकाळी घर आवरताना माझा गुडघा ड्रॉवरला लागला. तो आपणहून वीतभर पुढे आला. नथ मागच्या कोपऱ्यात होती तशी होती.